एडिंबरो येथील विद्यार्थ्यांची वैद्यकसभा

दरवर्षीं शाळेच्या वादविवादसभेसाठीं नांवें नोंदवून घेण्याची वेळ आली म्हणजे दोन प्रकारचीं उत्तरें आमच्या कानांवर येतात. विद्यार्थी म्हणतात, "सर, नको, चुकलों तर सगळे हंसतील." पालक म्हणतात, "मास्तर, नुसतें बोलून काय पदरांत पडणार? तेवढ्या वेळांत चार गणितें तरी सुटतील." दोन्ही उत्तरें प्रामाणिक आहेत, म्हणून तीं थट्टेवारी नेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. विद्यार्थ्यास चुकण्याचें भय असतें आणि पालकांस वेळ वायां जाण्याचें. हीं भयें कितपत खरीं आहेत, याचा विचार करण्यासाठीं आम्ही आज एका सभेची हकीकत सांगणार आहों. ही सभा विद्यार्थ्यांनीं स्वतः काढली, स्वतः चालविली, आणि तिला पावणेतीनशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं तरी ती अद्याप जिवंत आहे. स्कॉटलंड देशाची राजधानी एडिंबरो येथील 'रॉयल मेडिकल सोसायटी' ती हीच.

अठराव्या शतकाच्या आरंभीं वैद्यकविद्येचें माहेरघर म्हणजे हॉलंडांतील लायडन शहर, असें समजलें जाई. बूरहाव्ह नांवाचे थोर अध्यापक तेथें शिकवीत असत आणि युरोपच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी त्यांच्याकडे येत. एडिंबरोचेही कित्येक तरुण तेथें जाऊन शिकून आले. आपल्या गांवींही अशी विद्या मिळावी, म्हणून पुढें खटपट सुरू झाली. १७२० सालापासून अलेक्झांडर मन्रो हे एडिंबरोस शरीररचनाशास्त्राचे अध्यापक झाले. १७२६ सालीं तेथील विश्वविद्यालयांत वैद्यकाची शाखा स्थापन झाली. आणि १७२९ सालीं गरीब रोग्यांसाठीं एक लहानसें रुग्णालय उघडण्यांत आलें. त्या रुग्णालयांत आरंभीं अवघ्या सहा खाटा होत्या. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या विद्यापीठाचा पाया एवढ्याशा सामग्रीवर घातला गेला.

परंतु या व्यवस्थेंत एक उणीव होती. अध्यापक व्याख्यान देत आणि विद्यार्थी तें वहींत उतरून घेत. वहींत आलेलें ज्ञान डोक्यांत कितपत उतरलें, हें ज्याचें त्यालाही धड कळत नसे. उतरून घेतलेल्या वाक्यावर शंका कोणीं घ्यावी आणि ती कोणाजवळ बोलून दाखवावी? आपल्याकडील वर्गांतही ही स्थिति फारशी निराळी नाहीं, हें चतुर वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

सन १७३४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीची गोष्ट. परगांवाहून आलेली एक तरुण स्त्री चौदा दिवसांच्या तापानें एडिंबरो येथें मरण पावली. तिच्या देहाचें विच्छेदन करून अभ्यास करण्याची संधि सहा विद्यार्थ्यांस मिळाली. क्लेगहॉर्न, कमिंग, रसेल, हॅमिल्टन, टेलर व केनेडी हीं त्यांचीं नांवें. मन्रो यांनीं आपलें शवविच्छेदनगृह त्यांस वापरूं दिलें. तेथें ना व्याख्यान होतें ना परीक्षा. सहा जण एका देहाभोंवतीं उभे राहून पाहत होते, एकमेकांस दाखवीत होते, विचारीत होते. काम संपल्यावर ते सर्व मिळून एका खाणावळींत भोजनास गेले. तेथें गप्पा चालल्या असतां टेलर यानें एक सूचना मांडली. आपण दर पंधरवड्यास संध्याकाळीं पाळीपाळीनें एकमेकांच्या बिऱ्हाडीं जमावें. एकानें आपल्या आवडीच्या वैद्यकविषयावर इंग्रजींत किंवा लॅटिनमध्यें निबंध लिहून आणून वाचावा. आणि मग इतरांनीं घेतलेल्या आक्षेपांस त्यानें उत्तर द्यावें. सूचना सर्वांस पसंत पडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत पहिली बैठक भरली.

सभेचा जन्म हा असा झाला. तिच्यापाशीं पैसा नव्हता, इमारत नव्हती, आश्रयदाता नव्हता. होती ती केवळ एक रीत. या रीतींत काय आहे, हें नीट समजून घेतल्यावांचून पुढची हकीकत समजावयाची नाहीं. तिचीं तीन अंगें आहेत. पहिलें, विषय ज्याचा त्यानें निवडावयाचा. दुसरें, जें म्हणावयाचें तें आधीं लिहून काढावयाचें. तिसरें, लिहिलेलें आपल्या बरोबरीच्यांपुढें वाचून त्याचा बचाव करावयाचा. पुस्तक वाचीत असतां सर्व कांहीं समजलें असें आपणांस वाटतें. तेंच आपल्या शब्दांत लिहूं लागलों कीं दुसऱ्या वाक्यालाच लेखणी अडते. कशीबशी लेखणी चालली आणि निबंध पुरा झाला, कीं आतां तरी समजलें असें वाटतें, तोंच शेजारचा मित्र साधा प्रश्न विचारतो, "हें कशावरून?" आणि आपण निरुत्तर होतों. त्या निरुत्तर होण्याच्या क्षणीं जें शिक्षण होतें, तें दहा व्याख्यानांनीं होत नाहीं. गुरूनें चूक दाखविली तर शिष्य मान खालीं घालून ती मान्य करतो. पण बरोबरीच्या मित्रानें दाखविली तर तो घरीं जाऊन पुन्हां पुस्तक उघडतो.

त्या सहा जणांपैकीं कांहींची पुढील हकीकत आम्हांस ठाऊक आहे. जॉर्ज क्लेगहॉर्न हा सैन्याचा शस्त्रवैद्य होऊन भूमध्यसमुद्रांतील मिनॉर्का बेटांत गेला आणि तेथें सुमारें तेरा वर्षें राहिला. त्या बेटांत हिंवतापाचा मोठा उपद्रव होता. क्लेगहॉर्ननें तेथील हवा, ऋतु, रोग आणि सिंकोना झाडाच्या सालीचा तापावर होणारा उपयोग यांचीं टिपणें वर्षानुवर्षें ठेवलीं आणि १७५१ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पुढें तो डब्लिन येथें शरीररचनाशास्त्राचा नामांकित अध्यापक झाला. अलेक्झांडर रसेल हा सिरिया देशांतील अलेप्पो शहरीं वैद्य म्हणून राहिला; प्लेगच्या सांथी त्यानें जवळून पाहिल्या आणि त्या शहराचें व तेथील रोगांचें सविस्तर वर्णन १७५६ सालीं छापलें. दोघेही आपल्या गांवापासून दूर, जेथें आक्षेप घ्यावयास जवळ कोणी विद्वान् नाहीं अशा ठिकाणीं राहिले; तरी पाहिलेलें लिहून काढावें आणि लिहिलेलें इतरांच्या डोळ्यांपुढें ठेवावें, ही विद्यार्थिदशेंतील संवय त्यांनीं सोडली नाहीं.

सहा जणांपैकीं बरेच जण शिक्षण संपवून गेले, तरी रीत मागें राहिली. १७३७ सालीं सभेची रीतसर स्थापना झाली, आणि तेंच तिचें जन्मवर्ष मानण्यांत येतें. सभासद वाढूं लागले तसे नियमही झाले. प्रत्येक सभासदावर पाळीनें लिहिण्याची जबाबदारी येई. एखाद्या रोग्याची हकीकत, वैद्यकांतील एखादा वादग्रस्त प्रश्न आणि प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या एखाद्या सूत्रावर भाष्य, असे लेखाचे तीन प्रकार असत. लेखाच्या प्रती बैठकीपूर्वींच सभासदांत फिरविल्या जात. त्यामुळें आक्षेप घेणारासही तयारी करूनच यावें लागे. वाचलेले निबंध मोठमोठ्या वह्यांत उतरून ठेवले जात. अध्यक्ष विद्यार्थ्यांतूनच निवडावयाचा. अध्यापकांस तेथें मान होता, पण सभा त्यांची नव्हती.

या सभेचें स्वतःचें घर उभें राहण्यास ज्यांनीं विशेष खटपट केली, त्यांत अँड्र्यू डंकन यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. विद्यार्थी असतां आणि त्यानंतरही ते अनेकदां सभेचे अध्यक्ष झाले होते. १७७५ सालीं सर्जन्स स्क्वेअर येथें सभागृहाची कोनशिला बसविण्यांत आली. ती बसविली त्या काळचे सुप्रसिद्ध अध्यापक विल्यम कलन यांनीं. आणि कलन हे स्वतः विद्यार्थी असतां या सभेच्या आरंभीच्या मंडळींपैकीं होते. १७७८ सालीं राजा तिसरा जॉर्ज यानें सभेस सनद दिली, आणि तेव्हांपासून तिच्या नांवामागें 'रॉयल' हें पद लागलें. बिऱ्हाडाच्या खोलींत जमणाऱ्या मुलांच्या मंडळीस पंचेचाळीस वर्षांच्या आंत राजाची सनद मिळावी, हें नवल नव्हे काय? याच डंकन यांनीं, रॉबर्ट फर्ग्युसन नांवाचा तरुण कवि १७७४ सालीं वेड्यांच्या कोठडींत हालांत मेला तें पाहून, मनोरुग्णांस दयेनें वागविणारें रुग्णालय काढण्याचा ध्यास घेतला. तें १८१३ सालीं उघडलें. सभेंत बोलावयास शिकलेला मनुष्य पुढें ज्यांना स्वतः बोलतां येत नाहीं अशांसाठीं बोलला, असें आम्हांस येथें म्हणावेंसें वाटतें.

आतांपर्यंत आम्हीं चांगलें तेवढें सांगितलें. परंतु एकच बाजू सांगणें हें या सभेच्या रीतीसच विरुद्ध होईल. वादाची चटक लागली म्हणजे विषय बाजूस राहतो आणि मीपण पुढें येतें, हा दोष तेथेंही होता. जॉन ब्राऊन नांवाचा एक बुद्धिमान् पुरुष कलन यांचा शिष्य होता; पुढें तो त्यांचा प्रतिस्पर्धी झाला. त्यानें १७८० सालीं ग्रंथ लिहून असें मत मांडलें कीं, रोग दोनच जातींचे. शरीरास चेतना अधिक मिळाली कीं एक आणि कमी पडली कीं दुसरा. बहुतेक रोग दुसऱ्या जातीचे असें ठरवून तो रोग्यांस मद्य व अफू देई. मत चुकीचें होतें. पण तें इतकें सोपें होतें कीं तरुणांस तें फार आवडलें. ब्राऊन स्वतः सभेचा दोन वेळां अध्यक्ष झाला आणि सभेंत दोन तट पडले. भांडण एवढ्या थरास गेलें कीं, सभेंतील वादावरून जो सभासद दुसऱ्यास द्वंद्वयुद्धाचें आव्हान देईल, त्यास सभेंतून काढून टाकावें, असा नियम करावा लागला! हा नियम वाचून हंसूं येतें. पण त्यांत शहाणपणही आहे. सभेनें वाद बंद केला नाहीं, ब्राऊनचें तोंडही बंद केलें नाहीं. मताला मतानें उत्तर द्या, तरवारीनें नव्हे, एवढीच मर्यादा घातली. ब्राऊनचें मत पुढें कालांतरानें आपोआप मागें पडलें. सभा मात्र राहिली.

चार्लस डार्विन हा १८२५ ते १८२७ या काळांत एडिंबरो येथें वैद्यक शिकत होता. तो या सभेचा सभासद होता आणि बैठकींस बहुधा नियमानें जाई. म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत त्यानें स्पष्ट म्हटलें आहे कीं, तेथें पुष्कळसें निरर्थक बोलणें चाले, विषय केवळ वैद्यकाचे असल्यामुळें आपणांस त्यांत गोडी नव्हती, तरी कांहीं वक्ते चांगले होते. डार्विननें पुढें वैद्यकाचा नादच सोडला. तेव्हां सभेंत जाणारा प्रत्येक जण तीमुळेंच थोर झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. विद्यार्थ्यांची सभा म्हटली कीं तींत निरर्थक बोलणें येणारच. चांगलें बोलणें आणि पोकळ बोलणें यांतील भेद ओळखावयास शिकणें, हाही शिक्षणाचाच भाग आहे. आणि डार्विन तो भेद ओळखावयास शिकला होता, हें त्याच्या वरील शब्दांवरूनच दिसतें.

आतां कांहीं सभासदांची कामगिरी पाहूं. रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं मूत्रपिंडाच्या एका रोगाचें वर्णन केलें. टॉमस हॉजकिन यानें १८३२ सालीं शरीरांतील ग्रंथी वाढविणाऱ्या एका रोगाचें. आणि टॉमस ॲडिसन यानें १८५५ सालीं मूत्रपिंडावरील लहानशा ग्रंथीच्या रोगाचें. तिघेही एडिंबरोस शिकून या सभेंत बसलेले, आणि तिघांनींही पुढें लंडनच्या गाइज रुग्णालयांत काम केलें. या रोगांस त्यांचीं नांवें पडलीं. तिघांचीही पद्धति एकच होती: रोगी जिवंत असतां त्याचीं लक्षणें बारकाईनें लिहून ठेवावयाचीं, आणि मृत्यूनंतर शरीरांत काय आढळतें त्याच्याशीं तीं ताडून पाहावयाचीं. १७३४ च्या ऑगस्टांत सहा विद्यार्थ्यांनीं एका देहाभोंवतीं उभें राहून दुसरें काय केलें होतें?

जेम्स यंग सिम्प्सन हा एका पाववाल्याचा मुलगा. १८३५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो सभेचा अध्यक्ष झाला. १८४७ सालीं त्यानें आपल्या दोन मित्रांसह स्वतःवरच क्लोरोफॉर्मचा प्रयोग करून पाहिला आणि प्रसूतीच्या वेदना कमी करण्याकडे त्याचा उपयोग केला. त्यावर मोठा गहजब झाला. बाळंतपणाच्या वेदना ही ईश्वरी योजना आहे, तींत मनुष्यानें ढवळाढवळ करूं नये, असाही आक्षेप येईल हें ओळखून सिम्प्सन रागावून बसला नाहीं. सभेंत निबंधाचा बचाव करावा तसा एकेक आक्षेप घेऊन त्यानें त्यास लेखी उत्तर दिलें. परंतु गंमत अशी कीं, वीस वर्षांनंतर जोसेफ लिस्टर यांनीं जखमा कार्बोलिक ॲसिडानें जंतुरहित ठेवण्याची पद्धति काढली, तेव्हां त्यांस कडाक्याचा विरोध करणारांत हाच सिम्प्सन पुढें होता, आणि या खेपेस चूक त्याची होती. यावरून विद्यार्थिमित्रांनीं एवढें घ्यावें कीं, आक्षेप घेणारा नेहमींच बरोबर असतो असें नाहीं. परंतु खरी गोष्ट आक्षेपानें मरत नाहीं, उलट ती अधिक पक्की होते. लिस्टर यांची गोष्ट तशीच झाली.

या सभेची रीत समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेंतून शिकावयास आलेले अनेक तरुण तिचे सभासद होते. त्यांपैकीं बेंजामिन रश हा १७६८ सालीं एडिंबरोची पदवी घेऊन गेला, फिलाडेल्फियाच्या वैद्यकशाळेंत अध्यापक झाला, आणि १७७६ सालच्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे.

मुंबईशींही एडिंबरोचा संबंध आहे. एडिंबरोस शिकून १८२८ सालीं पदवी घेतलेले चार्लस मोरहेड हे मुंबईस आले, आणि १८४५ सालीं तेथें ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें त्याचे ते पहिले प्राचार्य झाले. तत्पूर्वीं १८३५ सालीं मुंबईंतील वैद्यांनीं एकत्र येऊन निबंध वाचावे, अशी एक संस्था त्यांच्याच प्रेरणेनें निघाली होती. ग्रँट कॉलेजांतून १८५१ सालीं जी पहिली तुकडी उत्तीर्ण झाली तींत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. आणि या नव्या पदवीधरांचीही लौकरच स्वतःची वैद्यकसभा उभी राहिली. त्याच सुमारास, १८४८ सालीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांतील तरुणांनीं एक साहित्य-विज्ञान सभा काढली होती. तींतही निबंध वाचून त्यावर चर्चा करण्याचीच रीत होती. त्या सभेंत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला, चर्चा झाली, आणि १८४९ सालीं सभासदांनीं आपल्या फावल्या वेळांत स्वतः शिकवून मुलींच्या शाळा चालू केल्या. दादाभाई नवरोजी त्या मंडळींत होते, आणि भाऊ दाजी पुढें त्या सभेचे अध्यक्ष झाले. "बोलून काय पदरांत पडणार?" असें विचारणाऱ्या पालकांस आम्ही नम्रपणें एवढेंच सांगूं कीं, एकदां असेंच बोलून मुंबईच्या मुलींच्या पदरांत शाळा पडल्या.

मुलींचा विषय निघाला म्हणून एडिंबरोच्या सभेचा मोठा दोष सांगणें आम्हांस प्राप्त आहे. १८६९ सालीं सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सोबतिणी एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत वैद्यक शिकूं लागल्या. त्यांस फार छळ सोसावा लागला. १८७० सालीं त्या परीक्षेस जात असतां विद्यार्थ्यांच्या जमावानें सर्जन्स हॉलच्या दारांत त्यांची वाट अडवून चिखलफेंक केली. विश्वविद्यालयानें त्यांस पदवी दिली नाहींच. आपल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें पदवी मिळविली, तेव्हांही एडिंबरोचें तें दार स्त्रियांस बंदच होतें. तें १८९४ सालीं उघडलें. आणि विद्यार्थ्यांच्या या वैद्यकसभेनें स्त्रियांस सभासद करून घेण्यास तर विसाव्या शतकाचें सातवें दशक उजाडावें लागलें! हजारों विषयांवर ज्यांनीं 'हें कशावरून?' असें विचारलें, त्यांनीं आपल्याच दाराविषयीं तो प्रश्न दोनशें वर्षें विचारला नाहीं. दुसऱ्याच्या निबंधांतील चूक दिसणें सोपें. आपल्या घराच्या भिंतींतील दिसणें कठीण. आमच्या शाळेच्या सभेंत मुली मागच्या बांकावर बसून ऐकतात आणि मुलगे पुढें येऊन बोलतात, हें आम्ही अनेक वर्षें पाहत आलों. म्हणून एडिंबरोकडे बोट दाखवितांना आमचें बोट थोडें थरथरतें, हें आम्ही कबूल करतों.

सभेचे पुढचे दिवस सारखेच वैभवाचे गेले नाहींत. १८५२ सालीं ती मेलबर्न प्लेस येथील नव्या घरीं गेली व तेथें शंभरांहून अधिक वर्षें नांदली. पुढें तें घरही सुटलें. सभासदांनीं पिढ्यान् पिढ्या जमविलेला मोठा ग्रंथसंग्रह होता. १९६९ सालीं त्याचा लिलांव झाला. १९७५ सालापासून सभा विद्यार्थ्यांसाठीं बांधलेल्या एका इमारतींत आपल्या जागेंत राहते. घर गेलें, ग्रंथ गेले, पण विद्यार्थी जमणें, निबंध वाचणें व प्रश्न विचारणें थांबलें नाहीं. १९५७ सालीं निघालेलें तिचें 'रेस मेडिका' नांवाचें मासिकवजा पुस्तकही विद्यार्थीच संपादित करीत आले आहेत. आरंभीं सभेजवळ केवळ एक रीत होती, असें आम्हीं वर म्हटलें. सर्व गमावून झाल्यावरही तिच्याजवळ तीच उरली, आणि तिच्यावरच ती जगली.

शेवटीं एक आपल्याच अपराधाची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. आम्ही शिक्षकाच्या धंद्यांत नवीनच पडलों होतों त्या वेळीं, फळ्यावर एक उदाहरण सोडवीत असतां मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिसऱ्या ओळींत चूक आहे." चूक होती. आम्हीं ती मुकाट्यानें पुसून सुधारली, पण त्यास मात्र "मध्येंच बोलूं नकोस" असें बजावून खालीं बसविलें. त्या वर्षांत त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. तो पुढें चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. पण आपणास दिसलेलें खरें बोलूं नये, हा एक धडा आम्हीं त्यास शिकविला, आणि तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नव्हता. विद्यार्थी सभेंत बोलावयास भितात तें असल्या धड्यांमुळें. तें भय त्यांच्या जन्माबरोबर आलेलें नसतें. तें आम्ही वडील माणसें त्यांस देतों.

म्हणून यंदा आमच्या शाळेच्या सभेंत आम्ही एडिंबरोची रीत घालून पाहणार आहों. वक्त्यानें निबंध आठ दिवस आधीं लिहून द्यावा. तो इतरांनीं वाचून यावें. आक्षेप निबंधावर असावा, निबंधकारावर नसावा. आणि ज्याला उत्तर सुचणार नाहीं त्यानें "पुढच्या बैठकीस सांगतों" असें म्हणावें, यांत कमीपणा मानूं नये. हंसणारास मात्र पुढील निबंध लिहावा लागेल, एवढाच दंड आम्हीं ठेवला आहे. मुली आणि मुलगे यांची पाळी एकाच यादींत लागेल. शिक्षकांपैकीं कोणी बोलला आणि चुकला, तर त्यासही हेच नियम लागू आहेत.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी घरीं निबंध लिहीत बसली, तर तो वेळ वायां गेला असें समजूं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर तो निबंध त्यांच्याकडून वाचवून घ्यावा आणि त्यांतील एखाद्या वाक्याशीं थांबून विचारावें, "बाळ, हें कशावरून?" उत्तर आलें नाहीं तरी रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडून तें मूल पुन्हां आपल्याजवळ येईल. आणि कदाचित् आपल्याच म्हणण्यांतील चूक दाखवील. तेव्हां त्यास खालीं बसवूं नये.